नवीन कल्पना काढणाऱ्या कंपन्यांमुळे रोजच्या जगण्यात खरंच काय बदललं?

माझं उत्तर एकच, दुकानातला तो बोलणारा डबा, साउंडबॉक्स, गिऱ्हाईकाने फोनवरून पाठवलेले पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने सांगणारा.

यूपीआय २०१६ मध्ये आलं, एनपीसीआय या देशातली डिजिटल पेमेंटची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेने आणलं, ते सगळ्यांना माहितीये. पण भाजीवाल्यांची खरी अडचण पुढची होती, पैसे आले की नाही हे बघायचं कसं? हात ओले, समोर चार गिऱ्हाईकं, त्यात फोन काढून मेसेज बघायचा, नाहीतर समोरचा दाखवतो त्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा, आणि खोटे स्क्रीनशॉट दाखवून फसवणारे लोक काय कमी नाहीत. मग पेटीएमने हा डबा काढला, नंतर फोनपे वगैरे बाकीच्यांनीही. आत स्वतःचं सिमकार्ड असतं, पैसे जमा झाल्याचा निरोप थेट सर्व्हरवरून येतो, त्यामुळे दुकानदाराचा फोन घरी राहिला तरी चालतं. आणि मराठीत बोलतो!

आमच्या इथल्या भाजीवाल्या मावशींना वाचता येत नाही. आधी त्या शेजारच्या पोराला हाक मारायच्या, 'बघ रे आले का पैसे'. आता मेथीची जुडी बांधता बांधता कान डब्याकडे, २० रुपये ऐकू आले की मान हलवतात आणि पुढच्या गिऱ्हाईकाला विचारतात काय देऊ. मला हे फार मोठं वाटतं, कारण आपल्या पैशाचा हिशोब त्यांना आता दुसऱ्या कुणाला विचारावा लागत नाही.

डब्याला महिन्याचं भाडं असतं बरं का, ते छोट्या विक्रेत्यांना माफ करायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.