‘कॉन्फ्रेरी’साठी मराठी शब्द

फ्रान्समधील बरगंडी प्रदेशावरील लेखाचा अनुवाद करताना वाइनशी संबंधित ‘कॉन्फ्रेरी’साठी, म्हणजे तिथल्या वाइनचा गौरव करणाऱ्या सभासदांच्या मंडळासाठी, ‘श्रेणी’ हा शब्द चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते चालणार नाही. श्रेणी ही प्राचीन भारतातील व्यावसायिकांची संघटना होती. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे भिक्षूंसाठी कायम ठेव ठेवून तिच्या व्याजाची सोय केल्याचा उल्लेख आहे.

कॉन्फ्रेरीचा पिंड निराळा. तिच्या मुळाशी ‘फ्रातेर’ हा लॅटिन शब्द असून तो आपल्या ‘भ्रातृ’चा सगोत्र आहे. एखाद्या संताच्या छत्राखाली एकत्र येऊन त्याचा उत्सव करणारे, आजारी सभासदाला मदत करणारे आणि त्याच्या अंत्यविधीला उभे राहणारे लोक, हे तिचे मध्ययुगीन रूप होते. द्राक्षबागायतदारांचा संत व्हिन्सेंट. त्याचा दिवस २२ जानेवारी. फ्रेंच राज्यक्रांतीने अशा मंडळ्या बरखास्त केल्या.

आजच्या कॉन्फ्रेरी बहुतांशी विसाव्या शतकातल्या आहेत. मंदीमुळे बरगंडीची वाइन पडून राहू लागली, तेव्हा १९३४ मध्ये जॉर्ज फेव्हले आणि कामिय रोदिए यांनी न्वी-सँ-जॉर्ज येथे ‘शेव्हालिए द्यु तास्तव्हँ’ची स्थापना केली. तास्तव्हँ म्हणजे वाइन चाखण्याची उथळ चांदीची वाटी. लाल-सोनेरी झग्यातले पदाधिकारी नव्या सभासदाच्या खांद्याला द्राक्षवेलीच्या खोडाने स्पर्श करतात आणि बायबलमधला नोआ, रोमन मद्यदेव बॅकस व संत व्हिन्सेंट यांच्या नावाने त्याला सरदारकी देतात. वाइनला गिऱ्हाईक मिळवून देणे हा हेतू उघड होता, त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण याच संस्थेने १९३८ पासून दर वर्षी वेगळ्या गावात भरणारा संत व्हिन्सेंटचा उत्सव सुरू केला, ज्यात गावोगावच्या परस्पर-साहाय्य मंडळ्या आपापल्या संताची मूर्ती मिरवत नेतात, आणि तिथे जुना बंधुभाव मला खराखुरा जिवंत दिसतो.

म्हणून ‘बंधुमंडळ’ हा शब्द मला योग्य वाटतो. ‘बिरादरी’ला मराठीत जातीचा वास येतो. ‘मद्य’मध्ये सर्वच दारू येत असल्याने ‘वाइन बंधुमंडळ’ म्हणावे. बोर्दोजवळच्या सँतेमिलियाँ या गावाची ‘जुराद’ मात्र वेगळी ठेवावी: ११९९ च्या सनदेने अधिकार मिळालेली ती नगराचा कारभार पाहणाऱ्या शपथबद्ध पंचांची सभा होती, आणि १९४८ मध्ये वाइनसाठी तिचे पुनरुज्जीवन झाले असले तरी तिला ‘पंचमंडळ’ म्हणणेच मुळाला धरून होईल.