उजवा हात वर की डावा?

लाडक्या चिऊ,

काल तू कोल्हापुरातून, आजीच्या घरून पाठवलेला व्हॉइस मेसेज मी इथे मेलबर्नमध्ये दोनदा ऐकला. तू विचारलंस, "बाबा, मेलबर्नला टीचरनी शिकवलं की कम्युनियन घेताना डावा हात वर आणि उजवा खाली. आजी तर उजवा वर ठेवते. चपला दाराबाहेर काढते आणि मिस्सेआधी चहासुद्धा पीत नाही. असं का? मी कुणाचं ऐकू?" मिस्सेत, म्हणजे आपल्या कॅथलिकांच्या उपासनेत, ख्रिस्ताचं शरीर म्हणून पवित्र भाकर घेणं म्हणजे कम्युनियन; ते कसं घ्यायचं हे फोनवर दोन वाक्यांत सांगून टाकलं असतं, पण मला ते तसं उरकायचं नव्हतं. म्हणून हे पत्र. जोडाक्षरं अडली तर आजीकडून वाचून घे.

आधी हातांचं. कोल्हापुरात कुठल्याही घरी कुणी हातावर काही देऊ लागलं की माणूस उजवा तळहात पुढे करतो आणि त्याखाली डावा धरतो. तीर्थ असो, प्रसाद असो, थोरांनी दिलेले पैसे असोत. नुसता डावा हात कुणी पुढे करत नाही. आजीला हे कुणी शिकवलं नाही, तिच्या हातांतच ते आहे. तुझ्या टीचर सांगतात ती रीतही खरी. डाव्या तळव्यावर ख्रिस्तशरीर ठेवलं जातं, मग उजव्या हाताने उचलून ते तोंडात घ्यायचं. म्हणजे तिथेही मान उजव्यालाच.

तुला एक गंमत वाटेल. चौथ्या शतकात जेरुसलेमला सिरिल नावाचे बिशप होते. नुकताच बाप्तिस्मा झालेल्यांना दिलेली काही प्रवचनं त्यांच्या नावावर आहेत. त्यांत सांगितलंय की डावा हात उजव्याचं सिंहासन कर, कारण उजव्या हातावर राजा येणार आहे. आणि एक कणही खाली पडू देऊ नकोस. कुणी तुला सोन्याची पूड दिली असती, तर तू ती किती जपून धरली असतीस! आजीने सिरिलचं नावही ऐकलेलं नाही, पण तिचे हात अगदी तसेच असतात.

चपलांचं उत्तर सोपं आहे. जळत्या झुडपापाशी देवाने मोशेला पायातले जोडे काढायला सांगितले होते, आणि आपल्याकडे पवित्र जागी कुणी चपला घालून जातच नाही. 1969 मध्ये रोमने, म्हणजे पोपच्या कार्यालयाने, भारतातल्या चर्चसाठी बारा गोष्टींना परवानगी दिली. पादत्राणं काढणं, जमिनीवर मांडी घालून बसणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून नमन करणं, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, आरती, हे सगळं त्यात आहे. आजी चपला काढायची ती त्याच्याही आधीपासून. रोमने होकार दिला, याचा मला मात्र आजही आनंद वाटतो.

आता चहा. आजी लहान होती तेव्हा कम्युनियन घ्यायचं तर उपास आदल्या मध्यरात्रीपासून असायचा. आधी पाणीसुद्धा चालत नसे. 1953 मध्ये पोपनी पाण्याला मोकळीक दिली, 1957 मध्ये उपास तीन तासांवर आला आणि 1964 च्या नोव्हेंबरात एका तासावर. त्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद, म्हणजे कम्युनियनच्या या संस्कारासाठीचा जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा, भरली आणि डिसेंबरात पोप सहावे पॉल स्वतः आले. भारतात आलेले ते पहिले पोप. आजीचे वडील कोल्हापूरहून रेल्वेने तिथे गेले होते. परत आल्यावर त्यांनी घरी सांगितलं, "आता एक तासच पुरे." त्यावर पणजी म्हणाली, "तुमचं चालू दे, मी आपली सकाळची उपाशीच जाणार." आजीने ते तिच्याकडून घेतलं. तुला एका तासाचाच नियम आहे, तेवढा पाळ. आजीसारखं सकाळपासून उपाशी राहायचा हट्ट करू नकोस, मिस्सेत चक्कर येईल.

पण चिऊ, हे सगळं कशासाठी? ते मला कसं कळलं, ते सांगतो.

मी तुझ्याएवढाच होतो, दहा वर्षांचा, आणि कोल्हापूरच्या आपल्या चर्चमध्ये वेदीसेवक, म्हणजे मिस्सेत फादरना मदत करणारा मुलगा, होतो. तेव्हा लोक जिभेवर कम्युनियन घ्यायचे आणि त्यांच्या हनुवटीखाली पितळेची लहानशी थाळी धरायचं काम माझं. त्या रविवारी लक्ष भलतीकडेच होतं. थाळी हातभर लांब राहिली आणि ती पांढरी गोल चकती फरशीवर पडली. रांग थांबली. फादर म्हातारे होते, गुडघे दुखायचे त्यांचे. त्यांनी हातातलं पात्र वेदीवर नेऊन ठेवलं, परत आले, कठड्याला धरून खाली बसले, ती चकती उचलली आणि स्वतः खाल्ली. मग त्या जागेवर एक पांढरा रुमाल पसरला आणि पुढच्या माणसाकडे वळले. मिस्सा संपल्यावर सगळे गेले, तेव्हा तांब्यात पाणी घेऊन आले, रुमाल उचलला, पुन्हा गुडघ्यांवर बसले आणि ती फरशी धुतली. ते पाणी त्यांनी टिपून घेतलं आणि अंगणातल्या जास्वंदीच्या मुळाशी, जिथे कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी, ओतलं. मला एका शब्दानेही रागावले नाहीत. पिळायला रुमाल तेवढा माझ्या हातात दिला.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मला सगळं पाठ होतं. पण त्या दिवशी एक म्हातारा माणूस दुखऱ्या गुडघ्यांवर एका चकतीसाठी दोनदा बसला, ते मी पाहिलं. नुसत्या खुणेसाठी कुणी असं करत नाही.

ती चकती म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी. खमीर नाही, मीठ नाही. आजी ज्वारीची भाकरी थापते ना, तीही बिनखमिराचीच, पण वेदीवर गहूच लागतो. आपल्या मराठी बायबलमध्ये येशू म्हणतो, "मी जीवनाची भाकर आहे." ब्रेड म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर पाकिटातल्या स्लाइस येतात. आजीला भाकर म्हटलं की चूल, परात आणि पोट भरणं आठवतं. तिने भाकरीचा तुकडा कधी टाकलेला पाहिलायस का? मग वेदीवरच्या भाकरीचा कण ती कसा सांडेल!

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर घेतली आणि म्हणाला, "हे माझे शरीर आहे." आपण कॅथलिक ते शब्द जसेच्या तसे धरतो. धर्मगुरू तेच शब्द उच्चारतात तेव्हा रंग, चव, आकार तसाच राहतो, पण ती भाकर राहत नाही. तो स्वतः येतो. 1551 मध्ये ट्रेंट गावी भरलेल्या बिशपांच्या धर्मसभेने हे ठामपणे मांडलं, पण श्रद्धा पहिल्यापासूनची आहे. हे पटायला जड आहे, हेही खरं. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात हेच ऐकून कितीतरी शिष्य येशूला सोडून गेले. "अरे, मी आपलं उदाहरण दिलं" असं म्हणून त्याने एकालाही परत बोलावलं नाही. मला त्या अध्यायात सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते हेच.

समोरच्या घरातली तुझी नवी मैत्रीण प्रोटेस्टंट आहे, असं आजी म्हणाली. कोल्हापुरात तसेच ख्रिस्ती जास्त. 1852 मध्ये वायल्डर नावाचं अमेरिकन मिशनरी जोडपं आलं, तेव्हापासूनची ती परंपरा. ते प्रभुभोजन म्हणतात आणि त्याचा अर्थ आपल्याहून वेगळा लावतात. त्यावरून तिच्याशी वाद घालू नकोस. येशूवरचं त्यांचं प्रेम कमी नाही.

आणि हो, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला शेजारच्या काकू आजीबरोबर आल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी ओंजळ पुढे केली, तेव्हा फादरनी नुसता डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. ते पाहून तुला वाईट वाटलं होतं. मलाही वाटतं. काकूंच्या देवळात प्रसाद आपल्यालाही मिळतो, मग आपण का नाही द्यायचा? कारण आपण हा प्रसाद मानत नाही. प्रसाद देवाला दाखवून आपल्याला मिळतो. इथे देव स्वतःलाच देतो. तो घेताना "आमेन" म्हणणं म्हणजे "हे तूच आहेस, मी मानतो" असं सांगणं. जे काकू मानत नाहीत, ते त्यांच्या तोंडून वदवून घेणं हा त्यांचाच अपमान झाला असता. आजीने दुसऱ्या दिवशी फराळाचं मोठं ताट भरून त्यांच्याकडे नेलं, ते तू पाहिलंसच.

तर तू कुणाचं ऐकायचं? तिथे आहेस तोवर आजीसारखे हात धर, इथे आलीस की टीचरसारखे. दोन्हीकडे घेतल्यावर तळहात बघ, कण राहिला असेल तर तोही घे.

पुढच्या रविवारी रांगेत उभी राहशील तेव्हा वेदीच्या उजव्या अंगाला, कठड्याच्या टोकाशी, कोपरा उडालेली एक काळी फरशी दिसते का ते बघ. आजीला ठाऊक आहे ती. तिच्यावर पाय द्यायला हरकत नाही. मी मात्र अजून देत नाही.

तुझा,
बाबा