सगळे टेस्ट केस पास होऊनही सिस्टीम का अडते?

तुमचा प्रश्न असा आहे: प्रत्येक मॉड्यूलचे टेस्ट केस पास होतात, तरी लाइव्ह गेल्यावर सिस्टीम अडते. वरिष्ठ म्हणतात, सिस्टीम्स थिंकिंग वापरा, म्हणजे तुकडे सुटे न बघता त्यांचे एकमेकांवरचे परिणाम बघा, आणि त्याचं मॉडेल काढा. म्हणजे नेमकं करायचं काय?

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं टेस्टिंग करतोय. हे दुखणं मी जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जिल्ह्यातल्या एका बाजार समितीच्या कांदा लिलावाचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. गेटवर ट्रॅक्टरची नोंद, लिलाव, भुईकाट्यावर भरलेलं वजन, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली, मग रिकामं वजन आणि शेवटी हिशेबपट्टी. प्रत्येक टप्पा आम्ही कसून तपासला होता. सुट्ट्यांनंतर बाजार उघडला आणि दहा वाजायच्या आत काटा ठप्प झाला. बाहेर ट्रॅक्टरची रांग, आत स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय.

झालं होतं ते असं. गर्दीमुळे सर्व्हर थोडा मंदावला. काट्यावरचा प्रोग्रॅम ५ सेकंदांत उत्तर आलं नाही की तेच वजन पुन्हा पाठवायचा. त्यामुळे सर्व्हरवरचं काम वाढलं, तो आणखी मंदावला आणि आणखी वजनं पुन्हा यायला लागली. त्यात मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते, म्हणून काट्यावरचा मुलगाही बटण परत परत दाबत होता. प्रत्येक तुकडा लिहिल्याप्रमाणेच चालत होता. घात केला तो तुकड्यांमधल्या चक्राने, आणि त्या चक्रात तो मुलगाही होता. आमच्या एकाही टेस्ट केसमध्ये तो नव्हता.

तेव्हापासून मी आधी कोरा कागद घेतो. कुठे काय साचतं? ते कशाने भरतं, कशाने रिकामं होतं? खबर किती उशिरा पोचते? आणि कोणता बाण फिरून स्वतःलाच जोर देतो? अमेरिकन अभियंते जे फॉरेस्टर (Jay Forrester) यांनी १९५० च्या दशकात एमआयटी या अमेरिकेतल्या संस्थेत कारखान्यांचा माल आणि ऑर्डरी यांचे चढउतार याच नजरेने मांडले होते. साठा, ओघ, विलंब आणि फिरून स्वतःवरच येणारा परिणाम (फीडबॅक) एवढ्यावरच ती मांडणी उभी आहे. आमच्या कागदावर ते चक्र दिसलं आणि टेस्ट आपोआप सुचली: सर्व्हर दहा मिनिटं मुद्दाम मंद करायचा, मग पूर्ववत करायचा आणि सिस्टीम स्वतःहून सावरते का ते बघायचं. आमची सावरली नाही. मग प्रत्येक वजनाला स्वतःचा क्रमांक दिला, म्हणजे तेच वजन दोनदा आलं तरी एकदाच धरलं जाईल. पुन्हा पाठवण्याआधीची वाट दर वेळी दुप्पट केली.

विलंबाचं म्हणाल, तर नाशिककरांना तो वेगळा शिकवावा लागत नाही. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी गोदावरीच्या घाटावर, रामकुंडावर यायला वेळ लागतो. घाटावर उभं राहून दरवाजे आत्ता किती उघडे आहेत ते कळत नाही. विसर्ग कमी केला तरी मधल्या नाल्यांचं पाणी येतच राहतं. तरी आपण रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी गुडघ्याला, कमरेला की गळ्याला? मला ते उत्तम मॉडेल वाटतं. त्यात क्युसेक नाहीत, वेग नाही, पण माल कधी उचलायचा हे काठावरच्या दुकानदाराला त्यावरून ठरवता येतं. तुमच्या मॉडेललाही आधी हेच विचारा: तू मला कोणता निर्णय घ्यायला मदत करणार?

मॉडेलबाहेर काय राहिलं, हेही तपासा. एरियन ५ हे रॉकेट ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर एरियन ४ वर नीट चाललेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, तो आकडा त्यासाठी ठेवलेल्या १६ बिटांच्या जागेत मावला नाही. सॉफ्टवेअर जुनंच होतं, त्याच्या भोवतालचं रॉकेट बदललं होतं.

दुसरं मॉडेल मी हमखास काढतो ते अवस्थांचं. आडव्या ओळींत ट्रॅक्टरच्या अवस्था, उभ्या रकान्यांत घडू शकणाऱ्या गोष्टी. भरलेल्या चौकटी सगळ्यांना माहीत असतात, म्हणून मी रिकाम्यांवर थांबतो. आमच्या तक्त्यात 'भरलेलं वजन झालंय' आणि 'सौदा मोडला' यांची चौकट रिकामी होती. टीममध्ये सगळे म्हणाले, असं होत नाही. मी तक्ता घेऊन समितीतल्या जुन्या कारकुनांकडे गेलो. त्यांनी त्याच चौकटीवर बोट ठेवलं. "अहो, हे तर नेहमीचंय. अर्धी ट्रॉली उतरली की आतला माल खराब निघतो, व्यापारी भाव पाडतो, शेतकरी गाडी परत लिलावात नेतो."

त्याच संध्याकाळी ती केस चालवली. हिशेबपट्टी निघाली, भाव दुसऱ्या लिलावाचा आणि वजन पहिल्याच काट्याचं.