वाचकांचे प्रश्न : इंग्रजीत अदबीने कसं विचारावं?

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरातल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात ऑफिस सांभाळतो. परदेशी गिऱ्हाइकांना मेलवर ‘सेंड मी द रिव्हाइज्ड ड्रॉइंग’ असं लिहिलं की मालक म्हणतात, हा हुकूम झाला. पुढं ‘प्लीज’ लावलं तर भागेल का?

उत्तर : हुकूम मवाळ होईल, पण हुकूमच राहील. समोरच्याला ‘नाही’ म्हणायला वाव ठेवायचा तर प्रश्नच करावा लागतो : ‘कुड यू प्लीज सेंड अस द रिव्हाइज्ड ड्रॉइंग?’ आधी ‘कुड’, मग ‘यू’, मग मूळ क्रियापद. ‘कुड यू टू सेंड’ किंवा ‘कुड यू सेंट’ चालत नाही. ‘कॅन यू एबल टू’ तर आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ‘कॅन’मध्येच ‘एबल’ आलं, दोन्ही एकत्र नकोत.

‘कुड’ भूतकाळी दिसतो म्हणून बिचकू नका, उद्याच्या कामालाही तोच वापरतात. रोजच्या ओळखीत ‘कॅन यू’ पुरतं. ‘विल यू’ मात्र वैतागल्यासारखं वाटू शकतं, त्याऐवजी ‘वुड यू’ बरं. परवानगी मागताना ‘मे’ फक्त ‘आय’ किंवा ‘वी’बरोबर घ्या. ‘मे यू सेंड’ ही विनंती होत नाही.

सगळ्यात जास्त गडबड होते ती प्रश्नात प्रश्न घालताना. ‘कुड यू टेल मी व्हेन विल द कन्साइनमेंट लीव?’ हे चूक. ‘कुड यू’ने प्रश्न झालेलाच आहे, म्हणून पुढचं वाक्य सरळ ठेवा : ‘कुड यू टेल मी व्हेन द कन्साइनमेंट विल लीव?’ उत्तर हो-नाहीत येणार असेल तर मध्ये ‘इफ’ : ‘कुड यू टेल मी इफ द सॅम्पल हॅज अराइव्ह्ड?’

‘वुड यू माइंड’पुढे क्रियापदाला ‘इंग’ लागतो : ‘वुड यू माइंड चेकिंग द डायमेन्शन्स अगेन?’ यावर ‘नो, नॉट अॅट ऑल’ आलं तर काम होणार. कारण प्रश्न ‘हरकत आहे का’ असा आहे. नुसतं ‘यस’ आलं तर गृहीत धरू नका, पुन्हा विचारून घ्या.

आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ सोडाच. नेमकं काय करायचं ते गिऱ्हाइकाला त्यातून कळत नाही. थकलेल्या बिलाला तर अदबीच्या जोडीनं तारीखही हवी : ‘कुड यू प्लीज कन्फर्म द पेमेंट बाय १५ मे?’

प्रश्न : महाद्वार रोडजवळ आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे. परदेशी पाहुणे आले की तोंडातून ‘व्हॉट यू वाँट?’ निघतं.

उत्तर : ‘हाउ कॅन आय हेल्प यू?’ पाठच करून टाका. चप्पल पुढं करताना ‘वुड यू लाइक टू ट्राय दीज ऑन?’ म्हणा. चपला दोन, म्हणून ‘दीज’. ‘वुड यू लाइक’पुढे क्रियापद असेल तर ‘टू’ हवा. वस्तूचं नाव असेल तर नको : ‘वुड यू लाइक अ बॅग?’

गिऱ्हाइकानं ‘कुड आय सी द ब्राउन पेअर?’ विचारलं तर ‘यस, यू कुड’ म्हणू नका. मागताना ‘कुड’ चालतो, परवानगी देताना ‘कॅन’ : ‘यस, ऑफ कोर्स यू कॅन.’ त्यातही ‘शुअर’ म्हणून जोड हातात दिला तरी पुष्कळ. ‘कॅन यू वेट?’ म्हणताना शेवटी आवाज थोडा वर न्या. खाली पाडला की तोच प्रश्न दटावल्यासारखा ऐकू येतो.