फुल्व्हिया घ्या, पण गुंतवणूक म्हणून नको

इटलीत तुरीनला नोकरी करणारे एक वाचक लिहितात: शिल्लक ३८ हजार युरो आहे. १९७२ची लान्सिया फुल्व्हिया कूपे ही जुनी इटालियन गाडी १९ हजारांत मिळतेय. पाच वर्षं हौसेनं चालवून नफ्यात विकता येईल का? पुण्यातल्या फ्लॅटचं डाउन पेमेंटही याच पैशांतून करायचं आहे.

मोह पडला म्हणून नावं ठेवणार नाही. इंजिनचे चार सिलिंडर इतक्या अरुंद ‘व्ही’मध्ये बसवलेत की वर एकच हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, पुरतं. चारही चाकांना डिस्क ब्रेक. बारीक खांबांची, सगळीकडून उजेड घेणारी केबिन. त्याच १९७२मध्ये सान्द्रो मुनारीनं मोंटे कार्लो रॅली जिंकली ती फुल्व्हियातच, आणि तुम्ही राहता लान्सियाच्याच गावात! पण ती रॅलीची गाडी १.६ एचएफ, म्हणजे १.६ लिटर इंजिनची, शर्यतीसाठीची फुल्व्हिया. तुमची १.३ लिटरची. एचएफच्या किमती वाचून हिचा भाव ठरवू नका.

आता हिशेब. गॅरेजचं भाडं महिना ९० युरो, हे तुम्हीच कळवलंय. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून वर्षाला १,२०० धरू. तेही हात आखडूनच. पाच वर्षांचे झाले ११,४००. म्हणजे नुसती मुद्दल सुटायला गाडी ३०,४००ला जायला हवी, साठ टक्के चढ्या भावानं. तीस वर्षांवरच्या गाडीला इटलीत ‘बोल्लो’, म्हणजे मालकीचा वार्षिक कर, माफ असतो हे खरं. पण या रकमेपुढे ती चिल्लर.

आणि मी अजून गंज धरलेलाच नाही. इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन ज्या सबफ्रेमवर असतं, ती बॉडीला जोडते तिथला पत्रा या गाडीत हटकून सडतो. वरून रंग चकाचक असला तरी. तिथलं वेल्डिंग निघालं की सबफ्रेमच उतरवावी लागते, मग बिलाचा अंदाज कुणी छातीठोक देत नाही.

फ्लॅट दोन वर्षांत घ्यायचाच असेल, तर आत्ता नको. तो चार-पाच वर्षं लांबवायला घरचे राजी असतील (त्यांना विचारलंय ना?), तर खुशाल घ्या. १९ हजार किमतीचे आणि ५ हजार दुरुस्तीचे, एवढे गेले असं धरा. वर्षाचा खर्च पगारातून, उरलेल्या १४ हजारांना हात नाही. कर्ज तर नकोच.

बघायला जाल तेव्हा फुल्व्हियाचं काम केलेला मेकॅनिक सोबत न्या आणि गाडी लिफ्टवर चढवायला सांगा. मालक आढेवेढे घेऊ लागला, तर कॉफी पिऊन परत या.