पाटास माकड झाडं सोडून जमिनीवर फिरतं, मग शिकारी प्राण्यांपासून वाचतं कसं?

पळून, दुसरं काय! ताशी जवळपास 55 किमी, माकडांत याच्याइतकं फास्ट कोणीच नाही, पाय बघा ना कसे लांबसडक, अगदी ग्रेहाउंड कुत्र्यासारखे. आफ्रिकेतल्या सवानात, म्हणजे गवताळ माळरानात, मोठी झाडं कमी, मग चढणार कशावर? म्हणून आधी दोन पायांवर उभं राहून गवतावरून लांबवर बघायचं आणि धोका दिसला की सुसाट. रात्री मात्र झाडावरच झोपतात, पण सगळे एका झाडावर नाही, पांगून, म्हणजे बिबट्या आला तरी सगळा कळप एकदम सापडत नाही (डोकं आहे राव!). केनियात लायकिपियाला तर बाभळीच्या जातीच्या एका काटेरी झाडाचा डिंक आणि त्यावरच्या मुंग्या हेच मेन खाणं. ती झाडं तोडली की यांचं अवघडच.