उद्योजकतेमुळे समाजाचं भलं खरंच होतं का? कसं?

ज्याचं देणं असेल ते वेळेवर द्यायचं. निम्मं भलं तिथेच होतं. नवे शोध, रोजगारनिर्मिती वगैरे इतर लोक लिहितीलच.

साकीनाक्याला माझं दप्तरं-पिशव्या शिवायचं युनिट आहे. मागे एका बड्या कंपनीची शाळेच्या दप्तरांची ऑर्डर आली, सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या पैशातून, गरीब मुलांना वाटायला. पट्ट्याला डबल शिलाई, चेनचे रनर चांगल्यातले, आतून अस्तर, सगळं सॅम्पलबरहुकूम. जूनमध्ये वाटप झालं, बॅनरपुढे साहेबांचे फोटो निघाले. पैसे मात्र नाहीत. आज काय 'पीओ (खरेदीची ऑर्डर) सिस्टीममध्ये दिसत नाही', उद्या काय 'सही करणारे रजेवर'. बिल फाडलं म्हणून जीएसटी मी पदरचा भरला. कारागिरांना शनिवारी हिशेब लागतो, धागे कापणाऱ्या बायकांना त्याच संध्याकाळी किराणा भरायचा असतो. शेवटी पाटल्या गहाण टाकल्या. म्हणजे दानधर्म त्यांचा आणि पाटल्या माझ्या! पैसे आले दिवाळी उलटल्यावर, तेही व्याजाशिवाय.

कायदा 2006 पासून आहे. लघुउद्योजकाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यायचे, नसेल तर 15 दिवसांत. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण व्याज मागितलं की पुढची ऑर्डर गेलीच म्हणून समजा.

माझे दीर बँकेतून रिटायर झालेत. दर गणपतीत ऐकवतात, "वहिनी, धंदा तो धंदा. समाजकार्य करायचंय तर ट्रस्ट काढा." भावोजी, वाचत असाल तर ऐका. गिरणगावातल्या खानावळवाल्या कामगारांना महिनाभर जेवू घालायच्या आणि पैसे मिळायचे पगाराला. मधला किराणा उधारीवर, सावकाराच्या व्याजाने. प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना कर्ज मिळवून दिलं. दान नव्हे, कर्ज! आणि देणारी बँकच होती हो.

सगळ्याच मोठ्या कंपन्या अशा नसतात, हेही सांगते. दोघा-तिघांचे पैसे न मागता खात्यात येतात. शिवाय मुदतीत न चुकवलेल्या बिलाची वजावट आता आयकरात त्या वर्षी मिळत नाही, त्यामुळे मार्चअखेर अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. नुसती ट्रेडिंग करणाऱ्यांना याचा उपयोग नाही. तुम्ही काही बनवणार असाल, तर आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करा आणि तो नंबर प्रत्येक बिलावर ठळक छापा.